सोमेन चंद यांच्यावर एक संध्याकाळ कशी मांडावी

सोमेन चंद यांच्यावर, म्हणजे ढाक्याच्या तरुण बंगाली कथाकारावर आणि रेल्वे युनियनच्या कार्यकर्त्यावर, कार्यक्रम ठेवणार असाल तर पोस्टर छापायला टाकण्याआधी नाव तपासून घ्या. इंग्रजीत आडनावाच्या शेवटी ‘ए’ लावतात, ते वाचून मराठीत सर्रास ‘चंदा’ लिहिलं जातं. बंगालीत ते ‘चन्द’ आहे, आणि बंगाली माणसाच्या तोंडून पूर्ण नाव ‘शोमेन चॉन्दो’च्या जवळपास ऐकू येतं. आपण मराठीत ‘सोमेन चंद’ लिहावं. आमच्या पहिल्या कार्यक्रमाच्या बॅनरवर ‘चंदा’ छापून आलं होतं आणि दारातच दोघांनी मला विचारलं, या बाई कोण? एका अक्षराने माणूस हरवतो. हा तर आधीच इतका थोडा उरलेला माणूस.

मी रेल्वेत मालबाबू होतो. नोकरीची सहा वर्षं खरगपूरला काढली. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक दादा बसायचे, त्यांनी मला बंगाली वाचायला शिकवलं. डबा खाऊन झाला की मुलांचं पहिलीचं पुस्तक उघडायचं आणि रोज एक पान. वर्षभराने त्यांनी माझ्या हातात काही पानांचं झेरॉक्स ठेवलं आणि म्हणाले, “हा आपला रेल्वेचाच पोरगा. वाच.” ती ‘इँदुर’, म्हणजे ‘उंदीर’, ही सोमेनची कथा होती. निवृत्तीनंतर मी सोमेनवर चार ठिकाणी बोललो: दोनदा युनियनच्या हॉलमध्ये, एकदा वाचनालयात, एकदा कॉलेजात. त्यातून जे शिकलो ते इथे देतो. वाचन मंडळ, युनियन, कॉलेज, कुणालाही हे उपयोगी पडेल.

पहिल्या वेळी मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. ८ मार्च १९४२, ढाका, रेल्वे कामगारांचा मोर्चा, पुढे लाल झेंडा घेतलेला एकवीस वर्षांचा मुलगा, वाटेत हल्ला, जागीच मृत्यू. माझा आवाज भरून आला होता, हॉल सुन्न झाला होता. पुढची चाळीस मिनिटं मी हत्येभोवतीच फिरत राहिलो. संपल्यावर मागच्या रांगेतला एक ट्रॅकमन उभा राहिला आणि म्हणाला, “बाबू, तो पोरगा लिहायचा म्हणता. काय लिहायचा?” माझ्याकडे सांगण्यासारखं दीड वाक्य होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्यासाठी तो जगला त्यांच्यासमोर मी त्याचं फक्त मरण नेलं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: कार्यक्रम ८ मार्चला ठेवू नका. त्या दिवशी महिला दिनाचे कार्यक्रम असतात, त्यांच्याशी स्पर्धा करायचं काही कारण नाही. आणि ती तारीख घेतली की बोलणं आपोआप मृत्यूकडे ओढलं जातं. २४ मे घ्या. १९२० साली त्या दिवशी त्याचा जन्म झाला. मे महिन्यात पोरांना सुट्टीही असते. मृत्यूला शेवटची दहा मिनिटं द्या, जास्त नाही.

दुसरं ठरवायचं ते ‘तो’ म्हणायचं की ‘ते’. बंगालीत थोरांसाठी ‘तिनि’ आणि जवळच्यांसाठी ‘शे’ असा फरक आहे आणि त्याच्यावरचे लेख ‘तिनि’ वापरतात. मी पहिल्या वाक्यात ‘सोमेन चंद यांचा’ म्हणतो आणि मग ‘तो’वर येतो. समोर बसलेल्यांच्या घरात त्या वयाची मुलं असतात. ‘ते’ म्हटलं की भिंतीवरच्या फोटोसारखं अंतर पडतं.

आयुष्य मांडताना

कागदावर ते एका पानात बसतं. ढाका जिल्ह्यातलं निम्नमध्यमवर्गीय कुटुंब. आई लहानपणीच गेली, सावत्र आईने वाढवलं. ढाक्याच्या पोगोज स्कूलमधून १९३६ला मॅट्रिक. ही शाळा निकोलस पोगोज नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने १८४८ साली काढलेली. मग मिटफोर्ड मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश, तिथे छातीचं दुखणं, प्लुरसी, आणि शिक्षण सुटलं. मग वाचनालय, लेखक संघ, युनियन. सतरा-अठराच्या वयात एक कादंबरी लिहून झाली होती, नंतर कथा. लिहायला मिळाली जेमतेम पाच वर्षं.

या पानावर एक जागा आहे जिथे थांबायला हवं: डॉक्टरकी सुटली ती. घरच्यांनी त्या प्रवेशाकडे कसं पाहिलं असेल याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही बापाला करता येते. मात्र इथे मनाने प्रसंग रचू नका, बापाच्या तोंडी संवाद घालू नका. माहीत आहे तेवढंच सांगा: दुखणं आलं, शिक्षण थांबलं, आणि त्या मुलाने कामासाठी दुसरी जागा शोधली. ऐकणारा उरलेलं स्वतः भरतो.

दुसरी जागा म्हणजे प्रगती पाठागार, ढाक्यातलं एक छोटं वाचनालय. इथे ऐकणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीच लागते. कम्युनिस्ट पक्षावर १९३४ पासून बंदी होती आणि ती उठली जुलै १९४२मध्ये, सोमेन गेल्यानंतर चार महिन्यांनी. म्हणजे त्याचं सगळं राजकीय आयुष्य बंदीच्या काळात गेलं. उघडपणे चालवता येतील अशा जागा म्हणजे वाचनालय, लेखक संघ आणि कामगार युनियन. हे समजलं की एकच मुलगा तीन ठिकाणी का दिसतो ते कळतं. अंदमानातून सुटून आलेले सतीश पाकडाशी यांच्यासारखे जुने क्रांतिकारक त्याला भेटले ते याच वर्तुळात. आणि लेखक-कार्यकर्ते रणेश दासगुप्त. अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचं पहिलं अधिवेशन एप्रिल १९३६मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरलं, त्याचं वारं काही वर्षांत ढाक्यात पोहोचलं, आणि तिथल्या शाखेत रणेशबाबूंच्या जोडीने काम करणाऱ्यांत हा सर्वांत लहानांपैकी एक. १९४०मध्ये त्या मंडळींनी ‘क्रान्ति’ नावाचा संग्रह काढला, त्यात त्याची कथा आहे.

तारखा उतरवून घेताना जपा. बंगाली पुस्तकात चाराचा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि सातचा आकडा इंग्रजी नवासारखा. मी एका टिपणात १९४०चं १९८० करून ठेवलं होतं. शिवाय जुन्या मासिकांवर बंगाब्द असतो. एप्रिलच्या मध्याला बंगाली वर्ष बदलतं. त्याच्या आधीची तारीख असेल तर बंगाली सालात ५९४ मिळवा, नंतरची असेल तर ५९३. त्याचा जन्म बंगाब्द १३२७चा, मृत्यू १३४८चा. आणि त्याची सुकांत भट्टाचार्य यांच्याशी गल्लत होऊ देऊ नका. सुकांत कवी, १९२६चा जन्म, १९४७मध्ये क्षयाने गेला. तोही एकविशीच्या आसपास आणि तोही कम्युनिस्ट, त्यामुळे लोक दोघांचं एक करून टाकतात.

युनियनचा भाग घाईत उरकू नका

बहुतेक लेखांत ‘रेल्वे कामगारांमध्ये काम केले’ असं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. माझ्या मते यावरच खरा वेळ द्यायला हवा.

आधी नकाशा काढा. खडूने फळ्यावर काढला तरी चालेल. कोलकाता डावीकडे, ढाका उजवीकडे, मधे पद्मा. त्या काळी कोलकात्याहून निघालेली गाडी ढाक्यापर्यंत जात नसे. ब्रॉडगेजची गाडी गोआलंदोपर्यंत, तिथून स्टीमरने नारायणगंज, आणि नारायणगंजहून मीटरगेजची गाडी ढाक्याला. नारायणगंज-ढाका लाईन १८८५ची. ढाक्याचं स्टेशन तेव्हा फुलबाडियाला होतं, आजचं कमलापूर स्टेशन १९६८चं. रेल्वेची माणसं समोर असतील तर गेज बदलला म्हणताच त्यांच्या डोळ्यांसमोर यार्ड उभं राहतं: हमाली, ट्रान्सशिपमेंट, मोजणी, फुटलेली पोती. आणखी एक गोष्ट सांगा. ज्या रेल्वेत सोमेनने युनियनचं काम केलं ती ईस्टर्न बेंगॉल रेल्वे १ जानेवारी १९४२ला आसाम बेंगॉल रेल्वेत मिळवून बेंगॉल अँड आसाम रेल्वे झाली. म्हणजे त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत कामगारांच्या मालकाचं नावही बदललेलं होतं आणि त्यात युद्ध चालू होतं. कंपनी बदलली की माणसं काय विचारतात ते मी स्वतः पाहिलंय. माझी सिनियॉरिटी कुठे लागणार, क्वार्टर राहील का, बदली कुठे? ढाक्याच्या त्या युनियनची जबाबदारी अंगावर घेतलेल्या पोराला हे प्रश्न कुणी विचारले असतील याची नोंद माझ्याकडे नाही, म्हणून मी ते त्याच्या तोंडी घालत नाही. ऐकणाऱ्यांना एवढंच म्हणतो, तुम्ही काय विचारलं असतं ते आठवा.

हा मुलगा कामगाराच्या घरातला नव्हता. भद्रलोकांमधला, म्हणजे शिकल्यासवरल्या मध्यमवर्गातला, मॅट्रिक झालेला, डॉक्टर होता होता राहिलेला. तो फिटर, गँगमन, खलाशी यांच्यात जाऊन बसत होता आणि त्यांतले कितीतरी मुसलमान होते. मार्च १९४१मध्ये ढाक्यात दंगल पेटली. त्या शहरात, त्या साली, हिंदू-मुसलमान कामगारांची एकत्र युनियन टिकवणं म्हणजे काय हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘दांगा’ नावाची त्याची कथा याच दंगलीची आहे. एकाच घरात दोन भाऊ, दोघांची मतं उलटी, आणि बाहेर शहर पेटलेलं. वीस वर्षांच्या लेखकाने ती घटना चालू असताना, ती जिरायच्या आत लिहिलेली आहे. माझ्या समजुतीने युनियनमध्ये वावरल्याशिवाय त्याला ती लिहिता आली नसती. दोन्ही बाजूंची माणसं तो रोज नावानिशी पाहत होता.

‘इँदुर’ मोठ्याने वाचा

त्या ट्रॅकमनच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कथेबद्दल बोलत बसू नका, कथाच वाचा.

एक निम्नमध्यमवर्गीय घर. घरात उंदीर इतके झालेत की राहणं मुश्कील. आईला उंदरांची भीती, अगदी जीव जाईल इतकी. उंदीर पळताना दूध सांडतं. सांडलेल्या दुधाकडे ती माणसं ज्या नजरेने बघतात, त्यावरून त्या घराचा महिन्याचा हिशोब कळतो. उपाय साधा आहे, पिंजरा आणायचा. पण पिंजऱ्यालाही पैसे पडतात. गोष्ट सांगणारा त्या घरातला तरुण मुलगा आहे. रात्री तो आईबापांची भांडणं ऐकतो, आणि नंतर अंधारात बापाचा मऊ झालेला आवाजही त्याच्या कानावर येतो. मधे तो घराबाहेर पडतो, रेल्वे कामगारांमध्ये जातो, तिथे त्याला श्वास घेता येतो. आणि शेवटी पिंजरा येतो, त्यात उंदीर सापडतात, आणि बाप लहान मुलासारखा खूश होतो.

बस, एवढंच. कुणी भाषण करत नाही. मी ही कथा नंतरच्या तिन्ही कार्यक्रमांत वाचली आणि तिन्ही वेळा बापाच्या त्या आनंदापाशी कुणीतरी पदर किंवा रुमाल डोळ्यांना लावला. बांगलादेशचे लोकप्रिय कादंबरीकार हुमायून अहमद यांनी लिहून ठेवलंय की निम्नमध्यमवर्गीयांवर लिहावं अशी तीव्र इच्छा त्यांना ही कथा वाचून झाली. सोमेन गेल्यानंतर सहा वर्षांनी जन्मलेला माणूस हे म्हणतो. हे श्रोत्यांना जरूर सांगा, पण वाचन झाल्यावर. आधी मोठ्या नावाची शिफारस आली की लोक कथा ऐकत नाहीत, परीक्षा घेतात.

पूर्ण कथा माझ्या वेगाने वाचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढा वेळ नसेल तर कापावं लागेल. कापताना लोकांचा पहिला हात रेल्वे कामगारांच्या भागावर पडतो, कारण तो उंदरांपासून लांब वाटतो. तो भाग ठेवा. तो गेला तर ही नुसती गरिबीची करुण कथा उरते. मुलगा घरातून बाहेर कुठे जातो आणि परत येताना त्याच्या डोळ्यांत काय बदललेलं असतं, हे त्याच भागात आहे. कापायचंच असेल तर मधलं चिंतन थोडं कमी करा. आणि या कथेतली आई म्हणजे सोमेनची आई असं सांगू नका. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती.

मराठी भाषांतर आधीचं मिळालं नाही तर स्वतः करायला घाबरू नका, पण दोन-तीन जागी अडायला होईल. पहिली जागा म्हणजे ‘तुमि’. नवरा बायकोला ‘तुमि’ म्हणतो, बायको नवऱ्याला ‘तुमि’ म्हणते, मुलगा आईलाही ‘तुमि’ म्हणतो. त्या काळच्या मराठी घरात नवरा ‘तू’ म्हणेल, बायको ‘अहो, तुम्ही’ म्हणेल आणि मुलगा आईला ‘अगं’ म्हणेल. सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवलंत तर घर परकं होतं. मी पहिल्या खर्ड्यात तेच केलं होतं आणि वाचताना माझी बायको म्हणाली, ही माणसं एकमेकांच्या घरी पाहुणी आलीत का? ‘ओगो’ला मात्र आपलं ‘अहो’ चपखल बसतं, काळजी करू नका.

दुसरी जागा पिंजऱ्याची. बंगालीत उंदीर धरायच्या साधनाला ‘कल’ म्हणतात. ‘कल’ म्हणजे यंत्रही, पाण्याचा नळही, आणि गिरणीही. ताग गिरणी म्हणजे ‘चटकल’. घरात उंदरासाठी जो शब्द, तोच कामगाराच्या आयुष्यभराच्या जागेसाठी. मराठीत असा एक शब्द मला सापडला नाही. मी ‘पिंजरा’च ठेवला आणि वाचनाआधी ही गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. तळटीप ऐकू जात नाही. आणि ‘इँदुर’चं ‘घूस’ करू नका, कितीही मोह झाला तरी. उंदीरच. लहान आहे म्हणूनच त्याच्यापुढे हरणं जिव्हारी लागतं.

छापून वाटायचं असेल तर हक्कांचा विचार करा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणजे सोमेनच्या हयातीत छापलेल्या कथा २००३ पासून मोकळ्या झाल्या. जे मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं गेलं त्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. त्याचे कथासंग्रह १९४३ आणि १९४४चे, तेही आता मोकळे आहेत. एखादं पान पुष्कळ उशिरा उजेडात आलेलं असेल तर त्याचं वर्ष बघा. आणि कुणाचं अलीकडचं भाषांतर, कुणाची प्रस्तावना, कुणाच्या टिपा उचलायच्या तर विचारून आणि नाव देऊन. मूळ बंगालीसाठी ढाक्याच्या बांग्ला अकादमीने काढलेली रचनावली शोधा. कुणी बांगलादेशात जाणार असेल तर आणायला सांगा.

ती शेवटची दहा मिनिटं

ढाक्यातल्या त्या दिवशीचं सांगताना आधी युद्ध सांगावं लागतं, नाहीतर गोष्ट कळत नाही. २२ जून १९४१ला हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. डाव्या चळवळीतल्या एका मोठ्या गटाला हे युद्ध आता फॅसिझमविरुद्धचं, लोकांचं वाटू लागलं. दुसऱ्या बाजूला अनेक देशभक्तांना आणि इतर डाव्यांना ते इंग्रजांचं युद्ध होतं, ज्यात आपण का पडायचं? दोन्हीकडे तुरुंग भोगलेली माणसं होती. आणि जपानी फौज बंगालच्या दाराशी आलेली. ८ मार्च १९४२, ज्या दिवशी ढाक्यात फॅसिझमविरोधी संमेलन भरत होतं, त्याच दिवशी रंगून जपानच्या ताब्यात गेलं. ‘भारत छोडो’ अजून पाच महिने दूर होतं.

त्या संमेलनाला रेल्वे कामगारांचा मोर्चा घेऊन सोमेन निघाला होता. सुत्रापूरच्या परिसरात मोर्चावर हल्ला झाला. हातात झेंडा घेऊन पुढे चालणारा तोच होता, आणि तोच मारला गेला. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला अडीच महिने राहिले होते.

इथे आवाज चढवू नका. जखमांची वर्णनं वाचायला मिळतील, ती वाचून दाखवू नका. हल्लेखोर संमेलनाला विरोध करणारे राजकीय विरोधक होते, एवढं सांगा. हॉलमध्ये कुणीतरी आजच्या पक्षांची नावं घेऊन वाद काढेलच. माझ्या तिसऱ्या कार्यक्रमात तसं झालं आणि वीस मिनिटं त्यात गेली, सोमेन बाजूलाच राहिला. असं झालं तर सरळ म्हणा की त्यावर वेगळी बैठक घेऊ, आणि पुढे जा. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. त्याच महिन्यात कोलकात्यात बंगालचे लेखक-कलावंत एकत्र आले आणि फॅसिस्टविरोधी लेखक व शिल्पी संघ उभा राहिला. पश्चिम बंगालात आज त्याच्या नावाचा साहित्य पुरस्कार आहे.

मराठी श्रोत्यांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी थांबत नाही. सोमेनचा जन्म २४ मे १९२०चा. अण्णा भाऊ साठे यांचा १ ऑगस्ट १९२०चा. दोघांत जेमतेम सव्वादोन महिन्यांचं अंतर. दोघेही कामगारांत वावरले, दोघेही एकाच लाल झेंड्याखाली. मार्च १९४२मध्ये अण्णा भाऊही एकवीस वर्षांचेच होते. स्टालिनग्राडचा पवाडा अजून व्हायचा होता आणि ‘फकिरा’ यायला सतरा वर्षं होती. त्या दिवसापर्यंतचे अण्णा भाऊ डोळ्यांसमोर आणा आणि पुढचं सगळं पुसून टाका. हे मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हॉलमध्ये जी शांतता झाली ती हत्येच्या वर्णनाने कधी झाली नव्हती. म्हणून हे हत्येच्या नंतर सांगा, आणि सांगून झालं की लगेच दुसरं काही बोलू नका.

आता व्यवस्थेचं थोडं. एकूण दीड तास धरा. नकाशा आणि आयुष्य पंधरा मिनिटांत, युनियन त्यातच. कथा कापून पस्तीस मिनिटांवर आणा. शेवटचा भाग दहा मिनिटं. वाचायला दोन आवाज घ्या, निवेदनाला एक आणि आईच्या संवादांना एक बाई. तालीम किमान दोनदा करा, त्यातली एक पंखे चालू ठेवून, कारण मे महिन्यात पंखे बंद करता येत नाहीत आणि त्यांच्या आवाजात हळू वाक्यं गिळली जातात. मोठा हार घातलेला फोटो नको. फळ्यावर नकाशा राहू द्या. कथेच्या झेरॉक्स प्रती दाराशी ठेवा, पण आत येताना देऊ नका, लोक माना खाली घालून वाचत बसतात. जाताना द्या.

म्हणजे अर्धा तास उरतो. तो मुद्दाम ठेवायचा. अध्यक्षीय समारोप, आभार, काही नको. माइक खाली उतरवा आणि ज्याला बोलायचंय त्याच्याकडे जाऊ द्या. सुरुवातीची दोन मिनिटं कुणी बोलणार नाही, ती सहन करा. दुसऱ्या कार्यक्रमाला मी त्या ट्रॅकमनला मुद्दाम बोलावलं होतं, तो बायकोला घेऊन आला होता. माइक आधी तिने घेतला. क्वार्टरमध्ये एका पावसाळ्यात उंदरांनी तांदळाचं पोतं फोडलं होतं, ते सांगितलं. सांडलेले तांदूळ तिने वेचले, धुतले, पोरांना शिजवून घातले आणि स्वतः त्यातला घास घेऊ शकली नाही. नवऱ्याला हे ती पहिल्यांदाच सांगत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. निघताना त्याने दाराशी ठेवलेल्या प्रतींमधून दोन उचलल्या आणि मला म्हणाला, “एक शेडमध्ये नेतो. नाईटला वाचून दाखवीन.”